दुष्काळ संपतो केव्हां?

दुष्काळ केव्हां सुरू झाला हें सांगणें फारसें अवघड नसतें. पाऊस हुलकावणी देतो, पेरलेलें करपून जातें, बाजारांत धान्याचे भाव चढूं लागतात, आणि एके दिवशीं कुठल्या तरी गांवचीं माणसें डोक्यावर बोचकीं घेऊन वाटेला लागलेलीं दिसतात. परंतु दुष्काळ संपला केव्हां, ह्या प्रश्नाचें उत्तर इतक्या सहज देतां येत नाहीं. नवें पीक घरांत आलें, चुली पेटल्या, अन्नछत्रें बंद झालीं, म्हणजे दुष्काळ सरला असें आपण धरून चालतों. सरकारी दप्तरांतहि तशीच नोंद होते. आज मला आपणांपुढें जें मांडावयाचें आहे तें हेंच कीं, ही नोंद पुरती खरी नसते. भुकेचा एक हिशेब शेतांत मिटतो. दुसरा माणसांच्या शरीरांत आणि समाजाच्या घडणींत पुढें साठ-सत्तर वर्षें चालूच राहतो.

ह्या दुसऱ्या हिशेबाचें सर्वांत मोठें आणि सर्वांत दुःखद उदाहरण चीन देशांत सांपडतें. १९५९ ते १९६१ ह्या तीन वर्षांत तेथें जो दुष्काळ पडला, त्याहून अधिक माणसांचा बळी घेणारा दुष्काळ इतिहासाला ठाऊक नाहीं. त्याचे परिणाम समजून घ्यावयाचे तर तो कसा ओढवला हें आधीं थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

१९५८ सालीं चीनच्या साम्यवादी पक्षानें माओ त्से-तुंग ह्यांच्या नेतृत्वाखालीं ‘मोठी झेप’ ह्या नांवाची मोहीम हातीं घेतली. पंधरा वर्षांच्या आंत पोलादाच्या उत्पादनांत ब्रिटनला मागें टाकावयाचें, आणि शेतीचें उत्पन्न तर पाहतां पाहतां कित्येक पटींनीं वाढवावयाचें, असा हा संकल्प होता. वर्षअखेरीपर्यंत देशांतील बहुतेक सर्व शेतकरी सुमारें २६ हजार कम्यूनांत सामील करून घेण्यांत आले. जमीन, गुरें, अवजारें हीं सामायिक झालीं; इतकेंच नव्हे, तर घरोघरच्या चुलीहि विझल्या व सर्वांनीं सार्वजनिक भोजनशाळेंत जेवावें असें ठरलें. पोलादासाठीं गांवोगांव मातीच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि त्यांत घरांतल्या कढयासुद्धां वितळविण्यांत आल्या. त्या वर्षीं पीक चांगलें आलें होतें. पण कापणीला हात उरले नव्हते, कारण ते हात भट्टीवर राबत होते.

ह्यांतच एक दुसरें संकट मिसळलें, आणि तें होतें खोट्या आंकड्यांचें. वरच्या अधिकाऱ्याला मोठा आंकडा हवा होता, म्हणून खालच्यानें मोठा आंकडा सांगितला. शेजारच्या तालुक्यानें त्याहून मोठा सांगितला. १९५८ सालचें धान्य ३७॥ कोटि टन झालें असें जाहीर झालें. वस्तुतः तें २० कोटींच्या आसपास होतें. सरकारी वसुली मात्र सांगितलेल्या आंकड्याच्या धोरणानें होऊं लागली. १९५९ सालीं पीक १७ कोटि टनांवर घसरलें, तरी त्यांतील सुमारें दोन-पंचमांश धान्य सरकारनें उचललें. आणि त्याच वर्षीं ४० लाख टनांहून अधिक धान्य परदेशीं रवाना झालें. १९६० सालीं तर पीक १४ कोटि टनांच्या थोडेंच वर राहिलें. शहरांतील माणसाला शिधापत्रिकेवर कमी कां होईना, पण धान्य मिळे. खेडुताला तसा आधार नव्हता, आणि १९५८ सालच्या रहिवास-नोंदणीच्या कायद्यामुळें गांव सोडून शहरांत जाण्याचीहि त्याला मोकळीक उरली नव्हती. जो धान्य पिकवीत होता तोच उपाशी मेला, ही ह्या दुष्काळाची विलक्षण गोष्ट आहे.

सत्य सांगण्याचा प्रयत्न कुणीच केला नाहीं असें नाहीं. १९५९ च्या जुलैमध्यें लुशान येथें भरलेल्या पक्षाच्या बैठकींत संरक्षणमंत्री पेंग द-ह्वाइ ह्यांनीं पत्र लिहून मोहिमेचे दोष दाखविले. त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें. इतक्या मोठ्या माणसाची ही गत झालेली पाहिल्यावर जिल्ह्यांतले अधिकारी काय बोलणार? होनान प्रांताच्या शिन्यांग भागांत सुमारें ऐंशी लक्ष वस्तीपैकीं किमान दहा लक्ष माणसें मेलीं. सरकारी कोठारांत त्या वेळीं धान्य होतें, परंतु गांवकऱ्यांचीं पत्रें अडविलीं जात होतीं व रस्त्यांवर पहारे बसविलेले होते. लोकांनीं झाडांच्या साली खाल्ल्या, गवताचीं मुळें खाल्लीं, आणि करुणेची देवता क्वान्यिन हिच्या नांवानें ओळखली जाणारी पांढरी मातीहि खाल्ली. त्या मातीनें पोट भरल्यासारखें वाटे, आणि पुढें आंतडीं तुंबून माणूस दगावे.

कांहीं प्रांतांत अवर्षण व पूर हीं संकटेंहि त्या वर्षांत आलीं, हें खरें. पण पुढें १९६२ सालीं राष्ट्राध्यक्ष लिउ शाओ-ची ह्यांनीं सात हजार अधिकाऱ्यांच्या परिषदेंत हुनानच्या शेतकऱ्यांचें म्हणणें म्हणून जें सांगितलें, त्याचा आशय असा होता कीं, ह्या आपत्तींत तीन वांटे निसर्गाचे आणि सात वांटे माणसाचे.

किती माणसें मेलीं? ह्याचें एकच उत्तर नाहीं. अभ्यासकांचे अंदाज दीड-पावणेदोन कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. पुष्कळांचा कल तीन कोटींच्या आसपास आहे. हे अंदाज कसे बांधले गेले हें मात्र आपण ध्यानांत घेण्याजोगें आहे. ज्या काळांत पिकाचे आंकडे खोटे होते, त्या काळांतील मृत्यूंची नोंद तरी खरी कशी असणार? गांवचा कारकूनच भुकेनें मेला असेल तर नोंद करणार कोण? तेव्हां विद्वानांनीं दुसरी वाट धरली. १९५३, १९६४ आणि १९८२ ह्या सालच्या शिरगणत्या त्यांनीं समोर ठेवल्या, आणि कोणत्या वयाचीं किती माणसें असावयास हवीं होतीं व किती आढळलीं, ह्याचा ताळा घातला. १९८० नंतरच्या दशकांत सरकारनेंहि आपले जुने आंकडे प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें १९५८ सालीं दर हजारीं १२ असलेलें मृत्युप्रमाण १९६० सालीं २५ वर गेलें, आणि आन्हुइ ह्या एका प्रांतांत तें दर हजारीं ६८ च्याहि वर चढलें. त्या एका वर्षांत साऱ्या देशाची लोकसंख्या एक कोटीनें घटली. कागदानें लपविलेलें सत्य अशा रीतीनें माणसांच्या वयांतून बाहेर पडलें. आणि, श्रोतेहो, तें केवळ मेलेल्यांपुरतें नव्हतें. वांचलेल्यांच्या शरीरांतहि तें लिहिलेलें होतें.

गर्भांत वाढणारें मूल आईच्या ताटांतून जेवतें. आईचें ताट रिकामें असेल, तर आईच्या शरीरांतील सांठ्यावर तें कांहीं काळ निभावतें. तोहि सरला म्हणजे मिळेल तेवढ्यांत भागविणें हाच एक उपाय त्याच्यापाशीं राहतो. घरांत पैसा कमी आला म्हणजे गृहिणी ज्याप्रमाणें आजच्या जेवणाला पहिला मान देते आणि घराची डागडुजी पुढें ढकलते, त्याप्रमाणेंच तो जीव मेंदू व हृदय ह्यांचें आधीं पाहतो आणि इतर अवयवांच्या बाबतींत काटकसर करतो. स्वादुपिंडांतील ज्या पेशी साखरेचें नियंत्रण करतात त्या कमी तयार होतात. मूत्रपिंडांतील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रचना कमी राहतात. घराची डागडुजी पुढें केव्हां तरी करतां येते. पण मूत्रपिंडाच्या ह्या गाळण्या जन्मापूर्वींच घडून जातात आणि मागाहून एकहि नवी होत नाहीं. जन्माच्या वेळीं जें भांडवल हातीं आलें त्यावरच सारा जन्म काढावयाचा. इंग्लंडांतील डॉक्टर डेव्हिड बार्कर ह्यांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस ह्या विचाराला चालना दिली, आणि उतारवयांतल्या व्याधींचें मूळ गर्भावस्थेंत शोधण्याची एक शाखाच वैद्यकांत उभी राहिली.

ह्या विचाराची पहिली मोठी परीक्षा हॉलंडांत झाली. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत जर्मन अंमलाखालील पश्चिम हॉलंडांत अन्न येणें बंद झालें. माणशीं रोजचा शिधा एक हजार कॅलरींच्या खालीं गेला. १९४५ च्या मे महिन्यांत देश मुक्त होतांच ती भूक संपली. रुग्णालयांच्या नोंदी शाबूत होत्या, त्यामुळें त्या काळीं गर्भांत असलेलीं मुलें पुढें कशीं वाढलीं हें पाहतां आलें. प्रौढपणीं त्यांच्या शरीराला साखर पचविणें जड जात असल्याचें दिसलें. आणि भुकेच्या ऐन कहरांत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यांत छिन्नमनस्कतेचा, म्हणजे स्किझोफ्रेनिया ह्या मनोविकाराचा, आढळ इतरांपेक्षां सुमारें दुप्पट निघाला.

हॉलंडची भूक कांहीं महिन्यांची होती. चीनची तीन वर्षांची. आन्हुइ प्रांतांत यांगत्से नदीच्या कांठीं वूहू नांवाचें शहर आहे. तेथील व भोंवतालच्या भागांतील मनोरुग्णांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला. त्या भागांत १९५८ सालीं दर हजारीं २८ असलेलें जन्मप्रमाण १९६० सालीं ९ च्याहि खालीं उतरलें होतें. जेथें बाईचें शरीरच वाळून गेलें तेथें मूल राहणार कोठून? परंतु जीं थोडीं मुलें जन्मलीं व जगलीं, त्यांच्या बाबतींत असें दिसलें कीं, १९५९ सालीं जन्मलेल्यांपैकीं हजारीं आठांना छिन्नमनस्कता झाली, तर १९६० सालीं जन्मलेल्यांपैकीं हजारीं एकवीसांना. पुढें दक्षिणेकडील ग्वांग्शी प्रांतांतहि असाच अनुभव आला. हॉलंड आणि चीन, दोन निराळे वंश, निराळें हवापाणी, निराळें अन्न. आणि भुकेनें मात्र दोहोंकडे एकच खूण ठेवली. अर्थात् ह्याचा असा अर्थ नव्हे कीं, त्या सालांत जन्मलेला प्रत्येक जण रोगी झाला. हजारांतले नऊशें ऐंशींच्या घरांतले लोक त्या विकारापासून मुक्तच राहिले. परंतु एका राष्ट्राचा हिशेब करावयाचा असतो तेव्हां हजारीं तेरांची वाढ ही कित्येक हजार घरांतील दुःखाची वाढ असते.

शरीराच्या उंचीवरहि ह्या भुकेची खूण राहिली. १९५९ सालीं जन्मलेलीं माणसें, दुष्काळ नसता तर, प्रौढपणीं सरासरीनें सुमारें तीन सेंटीमीटर अधिक उंच झालीं असतीं, असा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत काढलेला आहे. तीन सेंटीमीटर म्हणजे केवळ बोटभर नव्हे काय, असें कुणी म्हणेल. पण कुणा एकाची उंची बोटभर कमी असणें वेगळें आणि साऱ्या पिढीची कमी असणें वेगळें. उंची ही बाळपणीं शरीराला काय मिळालें ह्याची पावती असते. जेथें उंची खुंटली तेथें दुसरेंहि पुष्कळ कांहीं खुंटलेलें असतें. ह्याच अभ्यासांत त्या पिढीचें कामाचें प्रमाण व मिळकत ह्यांवरहि दुष्काळाचा परिणाम झाल्याचें दिसून आलें.

येथें एका गोष्टीचें भान ठेवणें जरूर आहे. ज्यांच्या शरीरांचें मोजमाप आपण करतों तीं वांचलेलीं माणसें आहेत. जीं मुलें मुळांतच दुबळीं होतीं तीं गेलीं. जीं तगलीं तीं बहुधा काटक होतीं. म्हणजे दुष्काळानें जें नुकसान केलें त्याचा सर्वांत मोठा पुरावा दुष्काळच आपल्याबरोबर घेऊन गेला, आणि मागें उरलेल्यांवरून आपण जो अंदाज बांधतों तो कमीच भरण्याचा संभव आहे. ही अडचण ओळखून कांहीं अभ्यासकांनीं वांचलेल्यांच्या मुलांची उंची मोजली. कारण खुंटलेल्या आईबापांचा मूळ पिंड उंच असेल तर तो मुलांत प्रकट व्हावा. तसा तो झालाहि, आणि खुंटण्याचें खरें माप त्यावरूनच हातीं आलें.

आतां मधुमेहाकडे वळूं. २००२ सालीं चीनमध्यें लोकांच्या आहाराची व आरोग्याची एक देशव्यापी पाहणी झाली. तिच्या आधारें २०१० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, दुष्काळाची झळ ज्या भागांत तीव्र होती तेथें त्या काळीं गर्भांत असलेल्यांच्या रक्तांत साखर वाढलेली असण्याचा संभव इतरांच्या मानानें जवळजवळ चौपट होता. विशेष हें कीं, त्यांतहि जे पुढें सुखवस्तु झाले, ज्यांच्या पानांत मांस व मिष्टान्न आलें, त्यांच्यांत ही व्याधि अधिक ठळकपणें दिसली. काटकसरीच्या दिवसांसाठीं बेतलेलें शरीर सुबत्तेच्या दिवसांत सांपडलें, आणि ती सुबत्ता त्याला पेलली नाहीं, असा ह्याचा अर्थ लावला जातो.

तथापि, ह्या बाबतींत सर्व पंडितांचें एकमत नाहीं, आणि तें आपल्यापासून लपवून ठेवणें योग्य होणार नाहीं. चीनचा दुष्काळ साऱ्या देशभर पसरलेला, त्यामुळें तुलनेसाठीं त्याच वयाचीं पण भूक न सोसलेलीं माणसें मिळणें कठीण. पुष्कळ अभ्यासांत दुष्काळांत जन्मलेल्यांची तुलना मागाहून जन्मलेल्यांशीं केली गेली. आतां मागाहून जन्मलेले ते वयानें लहान, आणि मधुमेह तर वयाबरोबर वाढणारा! तेव्हां दिसतो तो फरक भुकेचा किती आणि वयाचा किती? २०१७ सालीं अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हां वयाचा तोल सांभाळून पाहिल्यास मधुमेहासारख्या व्याधींतील फरक बराचसा विरून जातो असें दिसलें. दुष्काळाचा परिणाम झालाच नाहीं असें ह्यावरून ठरत नाहीं. परंतु चीनमध्यें आज जो मधुमेह बोकाळला आहे तो सारा त्या तीन वर्षांच्या माथीं मारणें हेंहि बरोबर नाहीं. वाढतें आयुर्मान, बैठें जीवन आणि बदललेला आहार हींहि कारणें आहेतच. ज्या दुष्काळाला खोट्या आंकड्यांनीं जन्म दिला, त्याचा अभ्यास तरी आपण फुगविलेल्या आंकड्यांनीं करूं नये.

शरीराकडून आतां समाजाकडे येऊं. १९६१ सालीं साऱ्या चीनमध्यें सुमारें १ कोटि २० लाख मुलें जन्मलीं. दोनच वर्षांनीं, १९६३ सालीं, २ कोटि ९० लाखांहून अधिक जन्मलीं. भूक सरतांच राहून गेलेलीं लग्नें झालीं, वाळलेलीं शरीरें सांवरलीं, आणि घरोघर पाळणे हलूं लागले. एखाद्या गांवच्या शाळेची कल्पना करा: एका वर्षीं पहिलीचा वर्ग अर्धा रिकामा, आणि दोन वर्षांनीं तोच वर्ग इतका भरलेला कीं पोरांना बसावयास जागा नाहीं. हा चढउतार पिढीबरोबर पुढें सरकत जातो. शाळेंतून नोकरीच्या बाजारांत, तेथून लग्नाच्या मांडवांत. वधू वरापेक्षां दोनतीन वर्षांनीं लहान असावी हा जेथें रिवाज, तेथें मुलींची एक पिढी आंखूड पडली म्हणजे तिच्या आधींच्या मुलग्यांना जोडीदार मिळणें दुर्घट होतें. १९६३ च्या त्या भरगच्च वर्षांत जन्मलेल्यांनीं २०२३ सालीं साठी गांठली, आणि निवृत्तिवेतनाचा भार एकाएकीं वाढला. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२२ सालीं, चीनची लोकसंख्या १९६१ नंतर प्रथमच घटली. तिचीं कारणें सर्वस्वीं निराळीं होतीं. परंतु तुलनेसाठीं वर्ष शोधूं गेलें तर बोट दुष्काळाच्याच वर्षावर पडलें.

आणखी एक पिढी आहे, तिला स्वतःची जन्मतारीखहि ठाऊक नाहीं. १९६० च्या सुमारास शांघाय व आसपासच्या प्रदेशांतील अनाथालयें पोरक्या मुलांनीं भरून गेलीं. पोसतां येत नाहीं म्हणून आईबापांनींच कित्येक मुलें तेथें सोडलीं होतीं. त्यांपैकीं सुमारें तीन हजार मुलें दूर उत्तरेस अंतर्मंगोलियांत पाठविण्यांत आलीं, आणि तेथल्या मेंढपाळ कुटुंबांनीं त्यांना पोटच्या लेकरांसारखें वाढविलें. दुधाचा तेथें तुटवडा नव्हता, आणि मायेचाहि नव्हता. ही ह्या साऱ्या काळोखांतली एक उजळ गोष्ट आहे. परंतु तीं मुलें मोठीं झाल्यावर, पन्नाशी-साठीच्या वयांत, त्यांतील कांहीं जणें आपलें मूळ घर शोधीत दक्षिणेकडे फिरलीं. ज्याला आपला दुष्काळ आठवतहि नाहीं, त्यालाहि तो असा वाटेला लावतो.

दुष्काळाच्या स्मृतीनें कांहीं चांगलेंहि घडविलें. आन्हुइ प्रांतांत, जेथें मृत्यूचें प्रमाण सर्वांत अधिक होतें, त्याच प्रांतांतील फंगयांग तालुक्याच्या श्याओगांग नांवाच्या लहानशा खेड्यांत १९७८ च्या अखेरीस अठरा शेतकऱ्यांनीं एकत्र जमून एक गुप्त करार केला. सामायिक जमीन घरवार वांटून घ्यावयाची, सरकारचें देणें चुकतें करावयाचें, आणि उरेल तें आपल्या घरीं न्यावयाचें. हा त्या वेळीं गुन्हा होता. म्हणून कुणाला तुरुंगांत जावें लागलेंच तर त्याचीं मुलें अठरा वर्षांचीं होईतों बाकीच्यांनीं सांभाळावीं, असेंहि त्यांनीं त्यांत लिहून ठेवलें. ज्यांनीं एकदां भूक पाहिली होती त्यांना तुरुंगाचें भय त्या मानानें कमी वाटलें. ही पद्धति पुढें देशभर स्वीकारली गेली, कम्यून मोडले, आणि १९८४ सालीं धान्याचें उत्पन्न ४० कोटि टनांच्या वर गेलें. जे प्रांत दुष्काळांत अधिक होरपळले त्यांनींच पुढें कम्यून आधीं सोडले, असें राजनीतीच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे.

पण बोलावयाचें कसें? चीनमध्यें दीर्घकाळ त्या वर्षांना ‘तीन वर्षांची नैसर्गिक आपत्ति’ असेंच म्हटलें गेलें. घराघरांत माणसें गेलीं, परंतु त्यांच्या मरणाचें खरें कारण उच्चारण्याची सोय नव्हती. यांग जी-शेंग हे सरकारी वृत्तसंस्थेंतील पत्रकार. त्यांचे वडील १९५९ सालीं भुकेनें वारले. हें आपल्या घरापुरतें दुर्दैव आहे असेंच त्या तरुण मुलाला कित्येक वर्षें वाटत राहिलें. पुढें त्यांनीं प्रांतोप्रांतींचीं दप्तरें धुंडाळून दुष्काळाचा इतिहास लिहिला. तो २००८ सालीं हाँगकाँग येथें प्रसिद्ध झाला. चीनच्या मुख्य भूमींत त्याला मज्जाव आहे. त्यांनीं आपल्या ग्रंथाला ‘समाधिशिला’ अशा अर्थाचें नांव दिलें. लक्षावधि माणसांच्या मृत्यूला प्रत्येकानें आपल्या घरापुरतें दुर्दैव समजावें, हाहि दुष्काळाचाच एक दीर्घ परिणाम म्हटला पाहिजे. शोक वांटून घेतां आला नाहीं म्हणजे त्यांतून शहाणपणहि निपजत नाहीं.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन व ज्याँ द्रेझ ह्यांनीं ह्याच मुद्द्यावर चीनची आणि आपल्या देशाची तुलना केली आहे. १९७०-७३ च्या अवर्षणांत महाराष्ट्रांतील पीक भयंकर बुडालें. परंतु वृत्तपत्रांनीं ओरड केली, विधिमंडळांत प्रश्न झाले, मोर्चे निघाले, आणि सरकारला गांवोगांव कामें काढावीं लागलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें ५० लक्ष माणसें त्या कामांवर होतीं. हाल पुष्कळ झाले, पण चीनसारखा संहार झाला नाहीं. येथवर ऐकून आपणांस समाधान वाटेल. परंतु त्याच विद्वानांनीं दुसरी बाजूहि सांगितली आहे: जो उपासमारीचा प्रकार गाजावाजा करून येत नाहीं, जो रोजच्या अपुऱ्या जेवणांत दडलेला असतो, तो हटविण्यांत चीननें आपल्यावर पुढें मात केली. आपल्या वृत्तपत्रांना दुष्काळ दिसतो. अर्धपोटीं राहिलेली गरोदर बाई दिसत नाहीं.

आणि मघांपासून जें सांगत आलों, त्याचा रोख नेमका तिच्याकडेच आहे. गर्भांतल्या जिवाला दुष्काळ जाहीर झाला आहे कीं नाहीं हें कळत नाहीं. त्याला एवढेंच कळतें कीं, आईच्या ताटांत आज काय आलें. देशांत कोठारें भरलेलीं असोत वा रितीं असोत, त्या ताटांत नऊ महिने कमी पडलें तर त्या घरापुरता दुष्काळ पडलाच. आणि त्याचा हिशेब तें मूल पन्नास वर्षांचें होईल तेव्हां, कदाचित् त्याच्याहि मुलांच्या वेळीं, चुकता करावा लागेल. घरांत सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर उरलेंसुरलें सुनेनें खावें, ही रीत आपल्याकडील किती घरांतून अजून चालू आहे, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

तेव्हां दुष्काळ संपतो केव्हां? पाऊस पडला म्हणजे नव्हे, आणि सरकारनें सांगितलें म्हणजेहि नव्हे. ज्या मुलानें तो आईच्या उदरांत सोसला त्याचें आयुष्य पुरें होईल, आणि ज्यांनीं तो पाहिला त्यांना तो मोकळ्या मनानें सांगतां येईल, तेव्हां तो संपतो. चीनमध्यें १९६० सालीं जन्मलेलीं माणसें आज साठी ओलांडून गेलीं आहेत. त्यांचा दुष्काळ अजून संपलेला नाहीं.